धुराने काळवंडलेला ससा: डाग आणि वास कसा घालवावा?

सशाचीआई | रविवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय आणि तोही अडचण आल्यावर. सांभाळून घ्या.

बुधवारी दुपारी घरात एक एक्स्टेन्शन बोर्ड जळाला. बोर्ड, त्याला लावलेला चार्जर आणि शेजारचा प्लॅस्टिकचा टब, एवढ्यावरच निभावलं. घरात कोणी नव्हतं. पण खिडक्या बंद असल्याने धूर कोंडून राहिला आणि लेकीच्या खोलीचं दार उघडं होतं. तिथल्या उघड्या फळीवर तिची सगळी सॉफ्ट टॉईज ओळीने बसलेली असतात. सगळ्यांच्या अंगावर राखाडी थर. ससा मोठ्या अस्वलाला टेकून बसला होता, तर अस्वलाच्या दंडावर बरोब्बर सशाच्या कानाच्या आकाराचा पांढराशुभ्र ठसा राहिलाय. तो बघितला तेव्हा बाकीचं अस्वल किती काळं झालंय ते कळलं.

घाईत एक चूक केली. ससा लेकीचा (वय ५) झोपेचा सोबती. तिने बघायच्या आत साफ करावा म्हणून त्याचा कान वेट वाइपने खसाखसा पुसला. कानाच्या आत गुलाबी साटीन आहे. वरवरचं राखाडी होतं ते आता काळं होऊन आत मुरलंय, आणि वाइपच्या फटकाऱ्याची रेघ उमटलीय.

ससा, मोठं अस्वल, बॅटरीवर भुंकणारं कुत्रं, आणि एक फार जुनं अस्वल जे दाबलं की आतून पेंढ्यासारखं करकरतं, अशी चार मंडळी आहेत. वास जळक्या वायरचा, घशाशी येणारा. मशीनला लावू का? की बेकिंग सोडा? लेक रोज रात्री "ससा दवाखान्यातून कधी येणार" विचारते.

रिकामटेकडा | रविवार, रात्री ११.५८

टाकून द्या आणि तसाच नवा आणा. मुलांना कळत नाही.

सशाचीआई | सोमवार, सकाळी ७.१०

तुम्हाला मुलं नाहीत हे नक्की. ह. घ्या (हलके घ्या).

परीक्षानळी | सोमवार, सकाळी ९.२५

ताई, मशीनला अजिबात लावू नका. अजून पाणीही लावू नका. आणि उरलेल्या तिघांना कोणी पुसायला जाऊ नये म्हणून उंचावर ठेवा.

माझा पहिला प्रश्न "कशाने धुवू" हा नसतो, "जळलं काय" हा असतो. लाकूड किंवा कागद भरपूर हवेत भराभर जळला तर काजळी कोरडी, भुकटीसारखी असते, ती बऱ्यापैकी झटकन निघते. प्लॅस्टिक आणि रबर धुमसत जळतं तेव्हा काजळी तेलकट, चिकट येते. तुमची ही दुसरी. सिगारेटचा धूर काळा डाग देत नाही, पिवळट-तपकिरी डांबरासारखा थर देतो. आणि भांड्यात काही करपलं तर डाग जवळजवळ दिसतच नाही, वास मात्र डोकं उठवतो. या चार प्रकारच्या धुरांना एकच औषध चालत नाही.

आता कानाचं. काजळीचे बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही लहान असतात आणि प्लॅस्टिकच्या धुरात त्यांना तेलकट पदार्थांचं आवरण असतं. पाणी त्या तेलाला धरत नाही, फक्त कण पुढे ढकलतं. डोळ्यातलं काजळ ओल्या बोटाने पुसायला गेलं की गालभर पसरतं ना, तेच झालंय. शिवाय चोळल्यामुळे ते धाग्याच्या पिळात जाऊन बसलंय. असो, त्यावरही उपाय आहे, पण तो सगळ्यात शेवटी.

आधी कोरडी सफाई. बाल्कनीत किंवा उघड्यावर बसा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. खेळणं आपटू नका, झटकू नका, काजळी आणखी आत जाते. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडाला जुना नायलॉनचा पायमोजा ताणून रबरबँडने बसवा (डोळे, बटणं ओढली जात नाहीत), ओढ कमीत कमी ठेवा आणि तोंड कापडाला टेकवू नका. बोटभर वर धरा. टेकवलं की तेलकट काजळी दाबली जाऊन चिकटते. हेपा फिल्टर नसलेलं मशीन वापरू नका, इतके बारीक कण मागच्या बाजूने परत खोलीत येतात.

उंटावरचा_शहाणा | सोमवार, सकाळी १०.०५

एवढा खटाटोप कशाला? बेकिंग सोडा टाका, वरून व्हिनेगर ओता, जो फेस येतो तो सगळी घाण वर उचलून आणतो. घरी कितीतरी वेळा केलंय.

परीक्षानळी | सोमवार, सकाळी १०.३०

फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात आणि मागे उरतं सोडियम अॅसिटेट आणि पाणी. म्हणजे दोन कामाच्या वस्तू एकत्र ओतून तुम्ही दोन्ही बिनकामाच्या केल्या. बघायला छान वाटतं एवढंच.

वेगवेगळे मात्र दोन्ही उपयोगी आहेत, आणि कुठला कधी हे पुन्हा धुरावरच ठरतं. वायरचं आवरण बहुतेक वेळा पीव्हीसीचं असतं. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, म्हणजे धूर आम्लधर्मी. तिथे बेकिंग सोडा. याच कारणाने ताई, खेळण्यांना कुठे धातू असेल (चेन, बटण, बॅटरीच्या पट्ट्या) तर तो आधी तपासा, आम्लामुळे गंज लवकर धरतो. उलट निकोटिन अल्कधर्मी आहे, त्यामुळे सिगारेटच्या वासाला पातळ केलेलं पांढरं व्हिनेगर जास्त लागू पडतं.

उंटावरचा_शहाणा | सोमवार, सकाळी १०.४१

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

धुळाक्षरे | सोमवार, दुपारी १.१५

परीक्षानळींना अनुमोदन. मी जुनी कागदपत्रं आणि कापडं जतन करण्याचं काम करते. आमच्याकडे काजळीसाठी ड्राय स्पंज वापरतात, त्याला स्मोक स्पंज किंवा सूट स्पंजही म्हणतात. व्हल्कनाइज्ड रबराचा, हाताला किंचित चिकट लागणारा ठोकळा असतो. तो कोरडाच वापरायचा, ओला केला की गेला. व्हॅक्यूम झाल्यावर हलकेच टेकवायचा आणि उचलायचा, किंवा एकाच दिशेने अलगद ओढायचा. स्पंजचा पृष्ठभाग काळा झाला की सुरीने ती चकती कापून टाकायची, खाली नवा भाग तयार असतो. पुढेमागे घासलात तर स्पंजवरचीच काजळी परत कापडावर जाते.

दुकानात "मॅजिक" म्हणून जो पांढरा स्पंज मिळतो तो हा नव्हे. तो मेलामाइनचा असतो, बारीक पॉलिश पेपरसारखं काम करतो आणि प्लशची (खेळण्याच्या मऊ केसाळ कापडाची) लव खरवडून काढेल.

लांब केसांच्या प्लशमध्ये हा स्पंज मुळापर्यंत जात नाही हे खरं. तिथे केस उलटे करत एका हाताने फट पाडायची आणि दुसऱ्या हाताने स्पंज टेकवायचा. कंटाळवाणं आहे. एका सशाला तासभर धरून चाला.

सशाचीआई | मंगळवार, रात्री १०.२०

स्पंज मिळाला! ससा आणि मोठं अस्वल कोरडं करून झालं. स्पंजच्या सात चकत्या कापल्या. पहिली चकती काळी कुळकुळीत, सातवीवर नुसती सावली. मला वाटलं होतं तो सशाचा मूळ रंगच राखाडी झालाय, पण पाठ चक्क बदामी निघाली. विसरलेच होते.

कान तसाच. आणि वास तसूभर कमी नाही. आता बेकिंग सोडा?

निवांत | मंगळवार, रात्री १०.५५

रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, वास मरतो. आमच्याकडे सगळी सॉफ्ट टॉईज महिन्यातून एकदा फ्रीजरमध्ये जातात.

परीक्षानळी | मंगळवार, रात्री ११.१०

निवांत, तुम्ही करता ते धुळीतल्या माइट किड्यांसाठी. त्यासाठी ठीक आहे. वास मात्र मरत नाही, थंडीत रेणू उडत नाहीत म्हणून नाकाला कळत नाही. बाहेर काढून तासाभरात हजर. वर फ्रीजरलाही लागेल.

ताई, आता सोडा. मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घ्या, ससा आत, अर्धी वाटी सोडा, तोंड बांधून हलक्या हाताने घोळवा म्हणजे लवेत सगळीकडे बसेल. कमीत कमी २४ तास. मग पुन्हा पायमोजा लावून व्हॅक्यूम. सोड्याची भुकटी राहिली तर धुताना पांढरे डाग देते, म्हणून नीट काढा. फार गडद रंगाच्या खेळण्याला आधी कोपऱ्यात लावून बघा.

पण खरं सांगू का, तुमच्या वासाचं मूळ वरच्या कापडात अर्धंच असेल. बाकीचं पोटात आहे. धूर गरम असतो, पसरतो, भरणीच्या पोकळ्यांत शिरतो आणि थंड होऊन तिथेच बसतो.

टाकेवाली | बुधवार, सकाळी ८.३०

आत्ता माझ्या प्रांतातला विषय आला! पण धुण्याआधी एकच काम करा: ससा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि वजन लिहून ठेवा. का ते नंतर सांगते.

शेपटीखाली किंवा पाठीच्या शिवणीवर बोट फिरवा. कारखान्यात सगळी शिवण मशीनची असते, फक्त भरणी घातल्यावर शेवटचं तोंड हाताने शिवतात. तिथे टाके थोडे वाकडे, थोडे लांब लागतात, दोऱ्याची गाठही सापडते. तेच सशाचं दार. कधी उघडायची वेळ आली तर तिथूनच उघडायचं, दुसरीकडे कात्री लावायची नाही.

आधी न उघडता धुऊन बघा. पांढरं ओलं फडकं पोटाशी मिनिटभर दाबा, फडक्यावर रंग उतरला नाही तर पाणी चालेल. बादलीत थंड किंवा जेमतेम कोमट पाणी, थोडा लिक्विड डिटर्जंट. कढत पाणी नको, अॅक्रिलिकची लव कुरळी होते, ती पुन्हा सरळ होत नाही. पिठाच्या गोळ्यासारखं दाबायचं आणि सोडायचं, चोळायचं नाही, पिळायचं तर नाहीच. पाणी बदलत राहा. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, तो धाग्यावर लेप देतो आणि वास त्याच्या खाली अडकतो.

धुऊन झालं की जाड टॉवेलात गुंडाळून टॉवेलवर वजन द्या. मग जाळीच्या पिशवीत घालून टांगा, कानाला चिमटे लावून टांगू नका, कान लांब होतात. पंखा लावा. वरून कोरडं लागलं तरी पोट ओलं असतं, आणि ओलं पोट म्हणजे बुरशी. म्हणून वजन! मूळ वजनावर आला की वाळला.

सशाचीआई | शुक्रवार, रात्री ९.४५

रिपोर्ट.

कोरडा ससा २१२ ग्रॅम. पहिलं पाणी गटारासारखं, दुसरं राखाडी, पाचवं स्वच्छ. टॉवेलातून काढला तेव्हा ४३० ग्रॅम. कालच्या सकाळी वरून खडखडीत, लेकीला देणारच होते, काट्यावर ठेवला तर २६०. म्हणजे पोटात ४८ ग्रॅम पाणी होतं! आज संध्याकाळी २११. तो एक ग्रॅम काजळीचा समजते.

डाग बराच गेला. वास? मला तर येत नाहीये.

धुळाक्षरे | शुक्रवार, रात्री १०.०२

तुमचं नाक आठवडाभर त्याच घरात आहे, त्यावर विश्वास ठेवू नका. नाक सरावतं. बाहेरून आलेल्या कोणाला तरी दार उघडल्या उघडल्या वास घ्यायला लावा. किंवा ससा झाकणाच्या डब्यात घालून डबा थोडा वेळ उबेला ठेवा, आणि तुम्ही बाहेर एक चक्कर मारून आल्यावर उघडा.

सशाचीआई | शनिवार, सकाळी ११.३०

भाऊ आला होता. डबा उघडला आणि मागे सरकला. "चार्जर" एवढंच म्हणाला.

फुंकर | शनिवार, दुपारी १२.४०

ओझोन मशीन भाड्याने मिळतं का बघा. खोली बंद करून चालू करायचं, दोन-तीन तासांत सगळा वास खलास.

परीक्षानळी | शनिवार, दुपारी १.०५

ओझोन काम करतो हे खरं, आगीनंतर घरं साफ करणारे व्यावसायिक वापरतात. पण ज्या मात्रेत तो वास मारतो त्या मात्रेत फुप्फुसांनाही इजा करतो. माणसं, पाळीव प्राणी, कुंड्यासुद्धा बाहेर काढून, नंतर हवा पूर्ण बदलून मगच आत जायचं असतं. शिवाय रबर आणि इलॅस्टिकला तडे पाडतो. एका सशासाठी घरच्या घरी हा प्रयोग कोणी करू नये. हायड्रॉक्सिल जनरेटर म्हणून दुसरा प्रकार असतो, तो सावकाश चालतो आणि तुलनेने सौम्य. तोही व्यावसायिकांकडेच.

दोन_खोल्या | शनिवार, दुपारी ३.२०

धागा हायजॅक करत नाही, पण माझाही प्रश्न धुराचाच आहे. एका ओळखीच्यांनी मुलाला मोठी पिशवीभर खेळणी दिली. त्यांच्याकडे घरातच सिगारेट ओढतात. डाग असे नाहीत, नुसता वास. मुलगा ११ महिन्यांचा, सगळं तोंडात. धुऊन चालेल ना?

परीक्षानळी | शनिवार, दुपारी ४.००

चांगला प्रश्न. धूर गेल्यावरही निकोटिन कापडावर बसून राहतं, त्याला इंग्रजीत "थर्डहँड स्मोक" म्हणतात. २०१० साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी दाखवलं की पृष्ठभागावरच्या या निकोटिनचा हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग होऊन नायट्रोसमाइन्स तयार होतात, आणि त्यातली काही कर्करोगकारक आहेत. म्हणून "नुसता वास" असं म्हणू नका.

माझं वैयक्तिक मत: सगळं तोंडात घालणाऱ्या बाळासाठी ती पिशवी नको. मोठ्या मुलाचं, जीव अडकलेलं एखादं असेल तर एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी, अर्धा तास भिजवून मग डिटर्जंटने दोन-तीनदा. पाणी पिवळं-तपकिरी येईल, ते येणं थांबेपर्यंत. ब्लीच वापरू नका, आणि व्हिनेगरजवळ तर मुळीच नाही, क्लोरीन वायू सुटतो.

ताईंनाही हेच: तुमची लेक ५ वर्षांची आहे म्हणून मी साफ करा म्हणतोय. तान्ह्या बाळाचं खेळणं असतं तर रिकामटेकड्यांच्या बाजूने मत दिलं असतं.

रिकामटेकडा | शनिवार, दुपारी ४.०६

हा प्रतिसाद फ्रेम करून लावणार.

दोन_खोल्या | शनिवार, दुपारी ४.३०

पिशवी परत बांधली. त्यांना कसं सांगायचं हा वेगळा धागा काढते.

टाकेवाली | शनिवार, सायंकाळी ६.१५

सशाचीआई, आता ऑपरेशन. घाबरू नका.

ते हाताचे टाके उसवा, पाच-सहा सेंटिमीटर पुरे. भरणी ओंजळीने बाहेर काढा आणि तिचं वजन करा (काटा आहेच तुमच्याकडे). पायात कधी बारीक प्लॅस्टिकच्या मण्यांची पुरचुंडी असते, ती वेगळी धुऊन घ्या. पिवळा स्पंज निघाला आणि हातात चुरा झाला तर तो कितीही धुतला तरी उपयोग नाही, टाकून द्या. पॉलिस्टरचा कापूस असला तरी मी टाकूनच देते. धुता येतो, पण त्याच्या गुठळ्या होतात आणि ससा नंतर ढेकळांनी भरल्यासारखा लागतो.

कातडं उलटं करून धुवा. बघा आतून किती काळं पाणी निघतं.

नवीन भरणी तेवढ्याच वजनाची. कापसाचे मोठे गोळे कोंबू नका, चिमूटभर पिंजून घ्यायचा आणि सगळ्यात लांबच्या टोकापासून सुरुवात करायची: नाक, मग पंजे, मग मान, शेवटी पोट. पेन्सिलीच्या बोथट टोकाने ढकला. मान सगळ्यात घट्ट भरा, नाहीतर आठवड्यात मान टाकतो. तोंड शिवताना शिडीचा टाका: एकदा डाव्या काठाच्या घडीतून, एकदा उजव्या, समोरासमोर. पाच-सहा टाके सैल घालून मग दोरा ओढला की दोन्ही काठ आत वळतात आणि टाका दिसेनासा होतो. ते बघायला मला अजून मजा येते.

धुळाक्षरे | शनिवार, रात्री ८.५०

आणि कातडं रिकामं असेपर्यंतच कानाचं काम उरका, खाली पांढरं फडकं घालता येतं. भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब डागावर, बोटाने टेकवा, दहा मिनिटं थांबा, ओल्या फडक्याने टिपा. मग कानाच्या काडीवर आयसोप्रॉपिल अल्कोहोल, डागाच्या कडेकडून मध्याकडे. टिपा, फडक्याची जागा बदला, पुन्हा टिपा. प्लॅस्टिकच्या डोळ्यांना अल्कोहोल लागू देऊ नका, त्यांची चमक जाते, बारीक भेगा पडतात. आणि नेलपेंट रिमूव्हर नकोच, काही साटीन अॅसिटेटचं असतं, अॅसिटोनमध्ये विरघळून जाईल.

जुनीपेटी | रविवार, सकाळी ७.४०

उशिरा पोचलो. तुमचं ते करकरणारं अस्वल! त्याला अजून कोणी पाणी लावलं नाही ना?

करकर येते म्हणजे आत वुड वूल असणार, लाकडाचे केसासारखे बारीक कीस. शंभर वर्षांपूर्वीची अस्वलं अशीच भरायचे आणि वरून मोहेर, म्हणजे अंगोरा शेळीचे केस. हातपाय फिरत असतील तर सांध्यात पुठ्ठ्याच्या चकत्या आणि लोखंडी पिन असते. पाण्यात बुडवलंत तर कीस फुगून कुजतो, चकत्या लगदा होतात, पिना गंजतात आणि गंजाचे डाग खांद्यातून बाहेर येतात. एक असं अस्वल मी स्वतः तरुणपणी बादलीत बुडवून मारलंय. अजून आठवतं.

कोरडी सफाई वर सांगितली तीच, मऊ ब्रशने केसांच्या दिशेने. मग भांड्यात पाणी आणि थोडा सौम्य साबण फेटा आणि फक्त वरचा फेस घ्या, पाणी नाही. फडक्यावर फेस, केसांच्या टोकांवरून अलगद, दुसऱ्या ओलसर फडक्याने टिपायचा. हाताला कापडाचं जाळं ओलं लागता कामा नये.

वासासाठी घट्ट झाकणाचा मोठा डबा. तळाला सुती पिशवीत अॅक्टिव्हेटेड चारकोल, त्यावर जाळी किंवा उलटी टोपली, त्यावर अस्वल. कोळसा त्याला शिवता कामा नये. साधा जळाऊ कोळसा चालणार नाही. अॅक्टिव्हेटेडच्या एका ग्रॅमला ५०० चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग असतो, तो वासाचे रेणू धरून ठेवतो. दोन आठवडे तरी. मध्ये कोळसा बदला.

अवांतर: १९०२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला, त्यावर क्लिफर्ड बेरीमन यांचं व्यंगचित्र आलं आणि त्यातून "टेडी" हे नाव चिकटलं. त्याच वर्षी जर्मनीत रिचर्ड श्टाइफ यांनी हातपाय हलणारं मोहेरचं अस्वल तयार केलं. तुमच्याकडचं कुठलं ते फोटो बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण डाव्या कानात धातूचं बटण (ती श्टाइफची खूण) आहे का तेवढं बघा. आणि असेल तर त्याला पॉलिश करू नका!

सशाचीआई | रविवार, सकाळी ८.१५

काका, बटण नाही, पण कानाला एक भोक आहे. आता माझी झोप उडाली.

उंटावरचा_शहाणा | रविवार, सकाळी ९.००

आजीबाईंनी कानातलं घातलं असेल त्याला.

सशाचीआई | पुढचा गुरुवार, रात्री ११.०५

वाचणाऱ्यांसाठी पुढचं.

ससा उघडला. लेकीपासून लपवून करणार होते, पण ती पाणी प्यायला उठली आणि ओट्यावर सशाचं रिकामं कातडं पाहून दारातच थांबली. मला वाटलं आता रडारड. ती जवळ आली, भरणीच्या ढिगाला नाक लावलं आणि म्हणाली, "ह्याच्या पोटात बोर्ड जळाला." मग स्टूल ओढून बसली आणि नाकात कापूस ढकलायचं काम तिनेच केलं. म्हणून नाक जरा फुगीर झालंय.

भरणी १३८ ग्रॅम निघाली. कातडं उलटं धुतलं तर टाकेवाली म्हणतात तसं पुन्हा काळं पाणी. शिडीचा टाका दोनदा उसवून तिसऱ्यांदा जमला. मान घट्ट भरली.

भावाला परत बोलावलं. डबा उघडला, हुंगला, पुन्हा हुंगला, "साबण" म्हणाला.

कानाची रेघ फिकी झाली, गेली नाही. पाच वेळा केलं, पाचव्या वेळी साटीनचे धागे सुटायला लागले तेव्हा थांबले.

लेकीला सोपवला तर पहिल्या रात्री तिने तो उशीच्या पलीकडे ठेवला. "ह्याला वासच नाहीये." धुराचाही नाही आणि त्याचा स्वतःचाही नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी काही बोलले नाही. तिसऱ्या रात्री बघितलं तर मानेखाली होता, नेहमीच्या जागी.

टाकेवाली | गुरुवार, रात्री ११.२०

आपला वास लागायला महिना जातो. तोवर धुऊ नका.

परीक्षानळी | शुक्रवार, सकाळी ९.१०

छान झालं. कान तसाच राहू द्या. कुत्र्याचं काय केलंत? भुंकणाऱ्या?

सशाचीआई | शुक्रवार, सकाळी ९.३५

पोटाची चेन उघडून बॅटरीचा डबा बाहेर काढला, तर पट्ट्यांवर हिरवट भुकटी धरली होती. म्हणालात तसंच. अल्कोहोलच्या काडीने पुसल्या, नव्या बॅटऱ्या घातल्या. भुंकतं, पण आवाज बसलाय. कातडं आज धुतेय.

जुनं अस्वल डब्यात आहे, पाचवा दिवस. झाकण उघडायचा मोह होतोय.

जुनीपेटी | शुक्रवार, सकाळी ९.५०

उघडू नका. आणि कानाच्या भोकाचा फोटो टाका आधी.

रिकामटेकडा | शुक्रवार, सकाळी १०.०२

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडचाही बोर्ड जरा गरम लागतोय.

सशाचीआई | शुक्रवार, सकाळी १०.०४

मग धागा कसला वाचत बसलाय, आधी मेन स्विच बंद करा आणि प्लग काढा!